धुऱ्यावरची चतकोर भाकर

इंझोरीच्या देवमन खंडारेनं तत्त्वज्ञान हा विषय निवडला नव्हता, तो त्याच्या वाट्याला आला होता. बी.ए.ला नाव घालायला तो वाशीमला पोचला तेव्हा गर्दीच्या विषयांच्या जागा भरून गेल्या होत्या, आणि तत्त्वज्ञानाचे सर विद्यार्थी शोधत दारातच उभे होते. पण गोडी लागली ती अशी लागली, की बी.ए. होऊन हा गडी एम.ए.ला थेट नागपूर विद्यापीठात गेला. ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट.

गावातल्या बौद्ध वस्तीला या विषयाचा अर्थ काही नीट लागला नाही. वकिलीचं शिकला तो वकील, डॉक्टरीचं शिकला तो डॉक्टर. मग तत्त्वज्ञानाचं शिकला तो धम्माचाच जाणकार असणार, असं वस्तीनं परस्पर ठरवून टाकलं. भंते यायचे ते वर्षातून एखाद्या वेळी. त्यामुळे देवमन सुटीत आला की लग्न लावायला, बाळाचं नाव ठेवायला, विहारात दोन शब्द बोलायला त्यालाच पुढं बसवत. आपण शिकतो ते वेगळं, हे त्यानं सुरुवातीला सांगून पाहिलं. मग सांगेनासा झाला. मान कोणाला नको असतो?

त्याला एक खोड मात्र जडली. पहिल्याच वर्षी सरांनी विषयाच्या मुख्य शाखा समजावल्या होत्या. जगात खरोखर आहे काय, ही सत्तामीमांसा. ते आपल्याला कळतं कसं, ही ज्ञानमीमांसा. वागावं कसं ते नीतिशास्त्रात, आणि बोलण्याला बोलणं जुळतं का ते तर्कशास्त्रात. देवमनला ही मांडणी इतकी आवडली, की समोरचा प्रश्न कोणत्या शाखेतला हे ठरवल्याशिवाय तो तोंडच उघडेना. विहिरीत भूत आहे की नाही यावर पोरं भांडू लागली की हा म्हणे, "थांबा. भूत आहे का, हा एक प्रश्न. तुमाले कसं समजलं, हा दुसरा." पोरं खो खो हसत. त्याचा बाप उकंडराव हसत नसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगे, "आमचा देवमन तूर निवडावं तसा आंधी प्रश्न निवडते, मंग बोलते."

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी, तुरीच्या सोंगणीत, उकंडराव शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या जागी गेला. नागपूरला निरोप उशिरा पोचला. देवमन आला तेव्हा माती होऊन गेली होती. तेरवी नाही, पिंड नाही. छप्पन साली प्रतिज्ञा घेतल्यापासून वस्तीनं ते सगळं टाकलं होतं, आणि टाकल्याचा तिला रास्त अभिमान होता. पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले, देवमन अभ्यासाला परतला.

परीक्षेच्या आधी तो पुन्हा घरी आला, तर वस्तीत कुजबुज. त्याची माय गोजराबाई रोज सकाळी त्या धुऱ्यावर चतकोर भाकर आणि ठेचा ठेवून येत होती. विहार समितीचे माणिकराव भडकले होते. छप्पन साली घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. माणूस वाईट नव्हता. ज्याच्यासाठी जन्म झिजवला त्याच्याच विरुद्धचं काही मागच्या दारानं आत येताना दिसलं, तर कोणाचंही डोकं फिरेल. त्यांनी विहारात चार माणसं बसवली. गोजराबाई पदर घेऊन भिंतीशी बसली.

"गोजराबाई, हा निवद बंद करा. आपण सोडलं ना हे?"

गोजराबाईनं माणिकरावांकडं पाहिलं नाही. ती मुलाकडं पाहत होती.

"देवमनले इचारा. तो सांगन तसं."

आता सगळं त्याच्यावर आलं. ठेवू दे म्हटलं तर वस्ती मायकडं पाठ फिरवणार. नको म्हटलं तर तिचं धुऱ्यावर जाणं बंद. देवमननं सवयीनं आधी शाखा ठरवली. मेल्यावर माणसाचं काही उरतं का? म्हणजे सत्तामीमांसा. त्याच पेपरची तयारी चालू होती. बोलायला लागला तो झकास बोलला. उरत असेल तर काय उरतं, त्याला भूक कशी लागणार, आणि लागली हे आपल्याला कळणार कसं? एकेक फाटा छाटत तो शेवटाला आला. "जो जेवत होता तो आता नाई. मंग भाकर कोणासाठी?"

माणिकरावांनी मांडीवर थाप मारली. "याले म्हंतात शिकणं!"

"बरं," एवढंच म्हणून गोजराबाई उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती धुऱ्यावर गेली नाही. देवमनला हायसं वाटलं. आपल्या बोलण्याचा थोडा गर्वही वाटला, नाही असं नाही. संध्याकाळी ती भाकरी थापत असताना त्यानं विचारलं, "तुले पटलं ना, माय?"

"पटलं. मेलेला मानूस काय जेवते? मले का हे समजत नव्हतं?"

"मंग ठेवत काहून होती?"

विहारात हे कोणीच विचारलं नव्हतं. त्यानंही नाही.

"त्या दिवशी सकाळी तुह्या बापाचं अन् माहं वाजलं," ती म्हणाली. "वरणात मीठ नाई म्हून तो बोलला. मी म्हटलं, खाऊ नोको मंग. तो तसाच शेतात गेला. दुपारी भाकर घेऊन मी जानारच होती. त्याच्या आंधी मानूस आला सांगाले." तिनं भाकर उलटली. "तो उपाशी गेला, देवमन. मी धाडला उपाशी. माह्या हातून द्यायची राह्यली थे भाकर मी नेत होती. तो खाईन म्हून नाई."

देवमनला स्वतःची लाज वाटली. मेल्यावर काय उरतं याच्याशी मायला काही घेणंदेणं नव्हतं. आपल्या हातून काय राहून गेलं, एवढंच तिला खात होतं. तो प्रश्न नीतीचा होता, आणि त्यानं भलत्याच शाखेतलं उत्तर चार माणसांत ठणकावून दिलं होतं.

"माय, उद्यापासून ठेव तू. माणिककाकाले मी सांगतो, माहं चुकलं म्हून."

"नाई." तिनं पहिल्यांदा मान वर केली. "तू चार मानसांत बोलला. आता मी भाकर ठेवली तर लोक तुले हसतीन. म्हंतीन, एवढा शिकला अन् घरच्या मायले समजावता आलं नाई. तुह्या बापाले लय कवतिक होतं तुह्या बोलन्याचं. थे मी खाली पडू देनार नाई."

तो पुढं काही बोलणार, तोवर तिनं त्याच्या ताटात गरम भाकर टाकली आणि समोर बसली. देवमन ताट सरकवणार होता. पण ती पाहत होती, आणि त्या घरातून आता कोणी उपाशी उठणं शक्य नव्हतं. तो सगळी भाकर जेवला.