फाटकाजवळची खुंटी

शिरोनुमाच्या कागद गिरणीला दोन फाटकं होती. पुढच्या फाटकातून साहेब लोक जायचे, मागच्यातून कामगार. पुढच्या फाटकाशी खुंट्यांचा एक फळा होता आणि त्यावर प्रत्येक साहेबाच्या नावाची लाकडी पाटी लटकायची. साहेब आले की पाटी सुलटी, गेले की उलटी. कामगारांना नाव नव्हतंच, पितळी बिल्ल्यावरचा नंबर होता. आणि साहेबांच्या पाट्या तासून, त्यांवर शाईनं नावं लिहायचं काम सुतारशाळेतल्या अशाच एका नंबराकडे होतं. त्याचं नाव तामेकिची वाकुया.

हाच तामेकिची गिरणीच्या आइस हॉकी संघाचा गोलकीपर. संघात साहेबही होते, कामगारही होते. बर्फावर आपण सगळे एक, असं साहेब म्हणायचे. सामना संपला की साहेब आपल्या न्हाणीघरात आणि कामगार आपल्या. हे मात्र कुणाला म्हणावं लागत नसे.

शोवा राजवटीचं आठवं, म्हणजे १९३३ चं वर्ष लागलं, तेव्हा नववर्षाच्या मेजवानीत गिरणीचे मॅनेजर उसुई साहेब साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या भरात उभे राहिले. ते स्वतः टोकियोच्या नामांकित विद्यापीठातून शिकलेले, आणि त्याच विद्यापीठाचा संघ फेब्रुवारीत शिरोनुमाच्या तळ्यावर खेळायला येणार होता.

"तामेकिची!" ते ओरडले. "माझ्या पोरांना एकही गोल करू देऊ नकोस. जिंकलास तर एप्रिलमध्ये तुझी पाटी मी या हातांनी पुढच्या फाटकाला टांगतो!"

टाळ्या पडल्या. साकेवरचं बोलणं सकाळी कुणी मनावर घेत नाही, हे शिरोनुमातलं शेंबडं पोरही जाणतं. जन्म तिथेच काढलेल्या तामेकिचीनं नेमकं तेच मनावर घेतलं.

"अहो, प्यायले होते ते," त्याची बायको हात्सुए म्हणाली.

"सगळ्यांच्या देखत बोललेत."

"सगळे तरी कुठे शुद्धीत होते?"

फेब्रुवारीत विद्यापीठाची पोरं आली. लोकरीचे नवे कोरे सदरे, परदेशी काठ्या. गिरणीच्या काठ्या तामेकिचीनं तासलेल्या, आणि त्याच्या अंगावर बेसबॉलवाल्यांचं जुनं छातीचं कवच. तोंडावर काहीच नाही. त्या काळी कुणीच काही बांधत नसे.

गिरणीनं एक गोल केला आणि उरलेला सगळा वेळ तामेकिचीनं मार खाल्ला. सामना संपत आला असताना विद्यापीठाचा कप्तान काशिवागी एकटा सुटला आणि त्यानं जीव खाऊन रबरी चकती हाणली. ती तामेकिचीच्या तोंडावर बसली. समोरचे दात बर्फावर पडले, हातातली काठी तडकली. पण चकती त्याच्या पोटाखाली होती आणि शिट्टी वाजेपर्यंत तो तिच्यावरून हलला नाही. गिरणी जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि खाली उतरवल्यावर प्रत्येकाच्या सदऱ्यावर त्याचं रक्त होतं.

संध्याकाळी उसुई साहेब हरलेल्या पोरांना घेऊन गावातल्या मोठ्या खाणावळीत गेले आणि डोळे पुसत त्यांच्याबरोबर विद्यापीठाचं गाणं गायले. जिंकलेल्या कामगारांच्या घरी तांदळाच्या वड्या पोचल्या. तामेकिचीला त्या चावता येईनात.

त्याला त्याचं काही नव्हतं. तडकलेल्या काठीच्या जाड बाजूचा तुकडा कापून त्यानं पाटी तासली. तामो झाडाचं उत्तम लाकूड, गाठ नाही की चीर नाही. त्यावर त्यानं आपलं नाव लिहिलं आणि हात्सुएला दाखवलं. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी ती बाई त्या अक्षरांवरून नुसतं बोट फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीला सांगितलं. मग काय, सगळ्या चाळीला कळलं.

नव्या नेमणुकांचा एप्रिल आला, बर्फ वितळून चिखल झाला, आणि उसुई साहेबांचं बोलावणं आलं.

"ये, ये! दात कसे आहेत?"

"नाहीत, साहेब."

कचेरीत हशा पिकला. "एक पाटी करायची आहे," साहेब म्हणाले. "लाकूड चांगलं घे हं."

तामेकिची कमरेत वाकला. "तयार आहे, साहेब."

"तयार? अरे, नाव तर ऐक! काशिवागी. तो विद्यापीठाचा कप्तान, आपल्याकडे रुजू होतोय. ज्यानं तुझे दात पाडले तो हात आता आपल्या संघात! काय, खूश ना?"

तामेकिची वाकलेलाच राहिला. "साहेब, नववर्षाला आपण म्हणाला होता..."

"नववर्षाला?" उसुई साहेबांनी इतरांकडे पाहिलं. "काय बोललो रे मी? फार झाली होती त्या दिवशी." पुन्हा हशा. तामेकिचीही हसला, तोंडावर हात धरून.

माणसानं तिथे निदान हसू तरी नये. पण आयुष्यभर वाकलेली कमर एका दिवसात सरळ होत नाही, आणि साहेबांना हे पुरतं ठाऊक होतं.

सुतारशाळेत येऊन त्यानं पेटीतली पाटी काढली आणि तिच्यावर रंधा चालवला. शाई खोल मुरली होती. पापुद्र्यामागून पापुद्रा निघाला तेव्हा कुठे नाव गेलं. मग त्यानं त्याच लाकडावर काशिवागीचं नाव लिहिलं, आपलं लिहिलं होतं तितक्याच निगुतीनं, आणि पाटी नेऊन दिली.

घरी तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी नवी पाटी लागल्याचं ऐकून हात्सुए शेजारणीला घेऊन मोठ्या हौसेनं पुढच्या फाटकाशी गेली. नवऱ्याची अक्षरं तिला ओळखू येत होती, आणि ते लाकूडही.

रात्री जेवताना तिनं मुळ्याचं लोणचं अगदी बारीक चिरून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "निदान लाकूड तरी दुसरं घ्यायचं."

तामेकिची मान खाली घालून हिरड्यांनी लोणचं चघळत होता.

"चांगलं घे म्हणाले होते," तो म्हणाला.