मुडबीचा लाखबंद वाडगा

हुमनाबादेला मोटारीतून उतरलो तेव्हा पिशवीत जागीरदाराविरुद्धची पत्रकं होती आणि डोक्यात संताप. पुढे मुडबीपर्यंत बैलगाडी. गाडीवान सांगत होता, रानातलं चांगलं लाकूड सगळं जागीरदाराचं. रयतेनं न्यायचं ते पोखरलेलं, भेगाळलेलं. हा न्याय की दरोडा?

त्याच टाकाऊ लाकडाचे वाडगे करणाऱ्या शिवप्पा कातारींकडे (दोरीनं फिरणाऱ्या चरकावर लाकूड कातणारा तो कातारी) मुक्काम ठेवला. जाताच भाकरी आणि शेंगांची चटणी मिळाली. घरात लगबग होती. दुपारी मुलीला पाहायला मुलाचे वडील येणार होते. यांची रीत अशी, की मुलीच्या बापानं स्वतः कातलेल्या वाडग्यातून पाहुण्याला गुळाचं पाणी द्यायचं. वाडगा गळला, की सोयरीक मोडली. आणि हाताशी बाभळीचा एकच ओंडका, तोही पोकळ्यांनी भरलेला!

"कामून कुढायलास?" शिवप्पा मिशीला पीळ देत म्हणाले. "चांगल्या लाकडाचं कोनीबी करतंय."

एरवी दोरी ओढणारी त्यांची बायको गंगाक्का चुलीपाशी, म्हणून चरकाची दोरी मी धरली. मी ओढी, लाकूड फिरे, ते पटाशी लावत. एकाएकी ते ओरडले, "बिडु! बिडु!" मला ऐकू आलं, "भिड! भिड!" सभेत घसा फोडून मी हेच सांगतो. जीव खाऊन ओढली. काठाचा टवका उडून थेट चुलीपाशी.

"अरे बाबा, कानडीत बिडु म्हंजे सोड! मी सोड म्हनायलो, तू लढायलास!"

गंगाक्का पदराआड हसली. मग तुटका काठ पाहून तिचं हसू विरलं.

शिवप्पांनी लाख वितळवली, भुसा कालवला, पोकळ्यांत आणि तुटल्या काठावर दाबून बसवली. गार झाल्यावर पुन्हा कातलं. दोरी आता गंगाक्काकडे. करडईच्या तेलाचा बोळा फिरला आणि तपकिरी लाकडात लाल शिरा उजळल्या. असा वाडगा जागीरदाराच्या सात पिढ्यांनी पाहिला नसेल!

पाहुणे आले. वाडगा फिरवून म्हणाले, "शिवप्पा, फुटकं दिसायलंय की."

"फुटकं न्हाई अण्णा, जोडलेलं हाय," गंगाक्का आतून म्हणाली. "तुमीबी जोडायलाच आलाव न्हवं?"

शिवप्पांनी गुळाचं पाणी ओतलं. पाहुण्यांनी भरला वाडगा मांडीवर, पांढऱ्या धोतरावर ठेवला आणि पाऊसपाण्याचं बोलत बसले. माझी नजर धोतरावर. अखेर वाडगा उचलला. धोतर कोरडं! एका दमात पिऊन त्यांनी तो पुढे केला. "आनखी ओता, इहीनबाई (विहीणबाई)."

घरी परतलो आणि नवं पत्रक लिहिलं. मथळा: 'जागीरदारा, रान बिडु!' छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं विचारलं, "इथं 'भिड' हवं ना?"

"नाही," म्हटलं. "सोड म्हणजे सोड."