वैदेहीच्या डोळ्यांना लावलेली दुर्बीण

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी द हेगच्या ट्राममध्ये उभी होते, हातात भाजीची पिशवी. पलीकडून वैदेही म्हणाली, "ताई, गेला तो. झोपेतच. मी आणि इरा जवळ होतो..." आवाज दमलेला होता, पण शांत होता. मी पुढच्या थांब्यावर उतरले, बाकावर टेकले आणि माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते 'हुश्श'. रडू नंतर आलं, भरपूर आलं. पण आधी हुश्शच. सख्ख्या मामेभावाच्या जाण्यावर असं म्हणणारी बाई तुम्हाला निष्ठुर वाटली तर वाटू दे. त्याला जसं जायचं होतं तसा तो गेला, आणि ते अगदी थोडक्यात हुकणार होतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

शिरीष माझ्या धाकट्या मामाचा मुलगा. पुण्याहून आयटीतल्या नोकरीवर इथे आला, बायको वैदेही आणि लेक इरा यांच्यासाठी उइटहॉर्नला घर घेतलं, आणि इथली बाकीची मराठी मंडळी रविवारी पॉटलकला जमायची तेव्हा हा पहाटे उठून कुठल्यातरी दलदलीत उभा असायचा. पक्ष्यांचं वेड त्याला भिगवणपासूनचं. बरोबर नेलं की नियम सांगायचा: बोलायचं नाही, भडक जाकीट घालायचं नाही, दुर्बिणीच्या कडीला हात लावायचा नाही. उजव्या डोळ्याकडे एक कडी असते, ती फिरवून दोन डोळ्यांतला फरक जुळवतात. ती त्याने स्वतःच्या नजरेला जुळवून वर चिकटपट्टी लावून टाकली होती. वैदेहीच्या चष्म्याचे दोन्ही नंबर वेगळे, त्यामुळे तिला सगळे पक्षी धूसरच दिसायचे. पण ती बिचारी दरवेळी "हो हो, दिसला" म्हणायची. मी म्हटलं, "अरे, तिला एक दुसरी घेऊन दे." तर म्हणे, "ताई, तिला कुठे आवड आहे?" पुरुषांना एकेक गोष्टी संसार निम्मा झाला तरी कळत नाहीत.

गेल्या गणपतीनंतर त्याच्या पोटात दुखायला लागलं. इथले डॉक्टर काही गुळमुळीत बोलत नाहीत. त्याला समोर बसवून सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरला आहे, आणि आता उपचार म्हणजे दुखणं कमी करणं. तपासण्यांना तो 'ऑफिसचं काम' सांगून एकटाच जायचा. हे निदान कळल्यावर मात्र तो सरळ माझ्याकडे आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, "वैदेहीला सांगायचं नाही. तुला माझी शपथ." ती मोडून पडेल, असं त्याचं म्हणणं. गोळ्यासुद्धा तो शेजारच्या गावातून आणायचा, कारण उइटहॉर्नच्या औषधांच्या दुकानात वैदेहीच काउंटरवर उभी असते. डिपेंडंट व्हिसावर आलेली ही मुलगी नेटाने डच शिकली, परीक्षा दिल्या आणि तिथे लागली. आता सांगा, अशा बाईपासून गोळ्या लपतात? दिवाळीच्या आधी तिने धुवायला काढलेल्या जाकिटाच्या खिशात पाकीट सापडलं आणि नाव वाचूनच तिला सगळं उमगलं. तिचाही फोन मलाच. "ताई, मला कळलंय हे त्याला कळू देऊ नका. माझ्यासमोर हसतोय ना, त्या हसण्यावरच तो उभा आहे. तुम्हाला माझी शपथ."

आपल्याकडे आजाऱ्यापासून आजार लपवायची रीत आहे, ती मला नवी नाही. पण इथे दोघं एकमेकांपासून लपवत होते आणि मधे मी, दोन शपथांच्या चिमट्यात. दिवाळीला त्यांच्याकडे गेले तर दोघं इतकं हसत होते की मी हातातली चकली परत ताटलीत ठेवली. मला एकच भीती होती. हा असाच हसत हसत जाईल, आणि मग ती आयुष्यभर न बोललेलं घेऊन बसेल.

जानेवारीत शिरीष म्हणाला, ड्रेंथच्या दलदलीत यंदा क्रौंच थांबलेत, बघायला जाऊ. वैदेहीने रजा टाकली, मला मागच्या सीटवर बसवलं आणि आम्ही उत्तरेला निघालो. दशम्या, लसणाची चटणी, थर्मासमध्ये आल्याचा चहा. पोचलो तर चहूकडे तपकिरी गवत, गोठलेलं काळं पाणी आणि त्यावरून गेलेली फळ्यांची वाट. झाड म्हणावं असं एखादंच. मी कानटोपी, शाल, वर वैदेहीचा मफलर अशा अवतारात मनातल्या मनात शिरीषला शिव्या घालत चालले होते. वाटेच्या टोकाला एक डच आजोबा स्टँडवर मोठी दुर्बीण लावून उभे होते. त्यांच्याजवळ आम्ही थांबलो.

थोड्या वेळाने शिरीषचा चेहरा पांढरा पडला. तो कठड्याला धरून खिसे चाचपायला लागला. एक, दुसरा, आतला... थंडीसाठी त्याने जाड जाकीट घातलं होतं आणि गोळ्या राहिल्या होत्या पातळ जाकिटात, घरी. मला ते कळलं. तेवढ्यात वैदेहीने दशम्यांच्या पिशवीत हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट काढून त्याच्यासमोर धरलं. त्याच नावाचं. बरोबर चहाचा कप.

"आधी दोन घास खा. उपाशीपोटी मळमळतं याने," ती म्हणाली. अगदी काउंटरवरच्या आवाजात.

त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. राहिल्या तर असाव्यात म्हणून रोज जवळ ठेवते."

मग दोघंही माझ्याकडे वळले. "माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "दोघांनी शपथा घातल्यात मला. मेले असते ना मी, त्या ओझ्यानेच." यावर शिरीष हसला. खरं हसला, आणि हसता हसता रडायला लागला. वैदेही त्याच्या जाकिटात तोंड घालून हुंदके देत होती. आजोबांनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं आणि समोर दाखवलं. गवतातून तीन राखाडी क्रौंच उठले होते, माना लांब काढून, ओरडत. शिरीषने स्वतः दुर्बीण लावली नाही. चिकटपट्टी नखाने खरवडून काढली, दुर्बीण वैदेहीच्या डोळ्यांना लावली आणि ती कडी हळूहळू फिरवत राहिला. "आता? ...आता?"

"थांब," ती म्हणाली. "बास. अगं बाई, डोक्यावर लाल आहे त्यांच्या."

परतताना गाडी वैदेहीने चालवली. दोघं सगळं बोलले. इराला कॉलेजातून, एनस्खेडेहून कधी बोलवायचं, दवाखान्यात न जाता घरीच कसं राहायचं, दिवसकार्य नको पण झब्बा तो निळाच घाला... मी मागे ऐकता ऐकता चक्क झोपले. कित्येक आठवड्यांत तशी झोप लागली नव्हती. त्यानंतर पुढच्या खोलीत त्याचा पलंग मांडला, कालव्याकडे तोंड करून. इरा इंग्लिशमध्ये विचारायची, तो मराठीत उत्तर द्यायचा. हसणं खोटं राहिलं नाही.

परवा गेले होते. पलंग गेला आहे, दुर्बीण खिडकीतच आहे. मी उचलून डोळ्यांना लावली तर कालवा, बदकं, सगळं धूसर. नकळत माझं बोट कडीकडे गेलं.

"ताई, ती फिरवू नका," वैदेही स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्याने लावलेली आहे."

मी बोट काढलं. आणि म्हटलं, "हो हो, दिसलं."