बाहुल्या जाळण्यात आल्या

मृत्युंजयअप्पांना कुणी विचारलं, नोकरीत काय केलं हो, तर ते सरळ सांगायचे, "किडे पाहिले." त्यात खोटं काही नाही. बाहेरदेशातून बंदरावर धान्य, रोपं, लाकूड उतरतं, त्यात एखादा परका किडा लपून येतोय का, हे बघणारं एक सरकारी खातं असतं. अप्पांनी चाळणी, भिंग अन् चिमटा घेऊन मुंबईत तिथं एकतीस वर्षं काढली. खात्याचं खरं नाव इतकं जडजंबाळ, की लातुरातल्या त्यांच्या गल्लीनं त्याचं किडेखातं करून टाकलं, आणि अप्पांचे झाले किडेसाहेब.

रिटायर होऊन दोन वर्षं झाली अन् खात्याचं पत्र आलं. खात्याचा इतिहास छापून काढतोय, जुन्या लोकांनी एकेक प्रसंग स्वतःच्या शब्दांत, नावानिशी लिहून पाठवावा. झालं! अप्पा पांढराशुभ्र सदरा घालून टेबलाशी बसले. दोन तास खपून लिहिलं काय, तर "सदर मालाची तपासणी करण्यात आली. त्यात भुंगेरे आढळून आले. सबब माल नष्ट करण्यात आला." संपला इतिहास.

वरच्या खोलीत मुग्धा भाड्यानं राहायची. नायगावच्या मास्तरांची पोरगी, मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा दुसऱ्यांदा देत होती. तेव्हा लातुरात घर तिथं असं एक लेकरू, अन् भिंत तिथं क्लासची पाटी. अक्षर चांगलं म्हणून अप्पांनी तिला नक्कल करायला बोलावलं. तिनं कागद वाचला, उलटा करून मागं काही आहे का तेही पाहिलं.

"अप्पा, हे केलं कोणी?"

"खात्यानं."

"खात्याला हात असतात का? कर्ता कुठाय ह्याच्यात? आमच्या सरांनी भोपळा दिला असता!"

"अगं बाई, सरकारात कर्ता नसतो," अप्पा भडकले. "पाऊस पडतो तसं सगळं आपोआप होत असतं."

"मग 'स्वतःच्या शब्दांत' कशाला म्हणले ते? एकदा 'मी' लिहून तर बघा."

अप्पांनी 'मी' लिहिला. खोडला. परत लिहिला, परत खोडला. खरी गोम इथंच होती, अन् ती काही केल्या भिंगाखाली यायला तयार नव्हती.

भूकंपाच्या साली बाहेरून मदतीची खोकी आली होती. ब्लँकेटं, औषधं अप्पांनी तासाभरात सोडली. पण काही खोक्यांत बाहुल्या होत्या, पत्र्याच्या शेडांत राहणाऱ्या लेकरांसाठी, पोटात भुसा भरलेल्या. त्या भुशात भुंगेरे. इकडं लातुरात अप्पांची बायको जगदेवी रोज त्याच शेडांमध्ये भाकरी पोचवायला जात होती. बाहुल्या येणार, हे तिनंच पोरींना सांगून ठेवलं होतं. बंदरावर त्या जाळल्या असं कळलं, तेव्हा पोरींसमोर काय तोंड दाखवू म्हणून ती ढसाढसा रडली होती. "कोण होता हो तो?" सुट्टीत घरी आलेल्या अप्पांना तिनं विचारलं. अप्पा म्हणाले, "मी गव्हाच्या गोदामावर होतो, मला काय ठाऊक."

तेव्हापासून तेरा वर्षं, विषय निघाला की जगदेवीच्या तोंडी एकच. "हात झडोत मेल्याचे!" अप्पा खाली मान घालून जेवायचे. एकतीस वर्षांत ज्या दिवशी काडी ओढायला जिवावर आलं, तो हाच एक दिवस. लिहायचा तर तोच प्रसंग. पण नाव छापून आलं की जगदेवी वाचणार, अन् तिला कळलं तर घरात राहायचं कुठल्या तोंडानं, ह्या भीतीनं त्यांचा 'मी' अडून बसला होता.

जगदेवी शेजारीच सुपात तूर पाखडत बसलेली. ती म्हणाली, "अहो, त्या बाहुल्यांचं लिहा की! कोण मुडदा होता ते कळू द्या जगाला. हात झडोत—"

"जगदेवी," अप्पा म्हणाले, "मी जाळल्या."

सूप थांबलं.

"तुम्ही तर गव्हाच्या गोदामावर होता."

"खोटं बोललो."

"तेरा वर्षं? माझ्या हातची भाकरी खात खात ऐकून घेतलं?"

"काय सांगणार होतो गं! त्यातला एक किडा सुटला असता तर आपल्याकडची ज्वारी कणगीतच भुगा झाली असती. चारशे बारा होत्या. एकेकीचं पोट मी कापून पाहिलं. म्हणलं, दहापाच तरी चांगल्या निघतील, तेवढ्या पाठवू. एकबी नाही निघाली."

जगदेवी तडक उठून आत गेली. मुग्धानं पटकन वह्या गोळा केल्या. आता लाटणं येतं की काय! आलं ते मुठीत मीठ अन् लाल मिरच्या.

"हात करा म्होरं. दोन्ही."

अप्पांनी निमूटपणे हात पुढं केले. जगदेवी मूठ ओवाळून पुटपुटू लागली, "आल्यागेल्याची, पापीचांडाळाची, घरच्यादारच्याची..." अन् एकदम हुंदका आला तिला. "घरचीच लागली की हो! ह्याच हातांना मी रोज..." तिनं त्यांची बोटं एकेक करून चाचपली, जागेवर आहेत का पाहिल्यासारखी. मग मिरच्या नेऊन गॅसवर टाकल्या. तिघांनाही असा ठसका लागला, की कोण खोकून रडतंय अन् कोण रडून खोकतंय, काही कळायला मार्ग राहिला नाही.

डोळे पुसून जगदेवीनं सूप पुढं ओढलं. "चार दिवस माझ्याशी बोलू नका," तिनं अप्पांना बजावलं, अन् मुग्धाकडं वळली. "लिही गं. ह्यांनी जाळल्या म्हणून लिही, नाव पुरं घाल. अन् त्याच्या आधी एकेक कापून पाहिली, तेबी लिही."