काऊनकाकू आणि दोन्हीकडचे पेढे

"काऊन?" हा 'का?'साठीचा वऱ्हाडी शब्द काकूंच्या तोंडी इतका होता, की सुलतानपुरात पोस्टमन सोडला तर त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नसे. सगळे त्यांना काऊनकाकू म्हणत आणि त्याही ओ देत. दळणाचा डबा ठेवून 'उद्या नेतो' म्हटलं, तरी "काऊन? आज काय झालं?" हे यायचंच. मी गावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो आणि त्यांच्या पिठाच्या चक्कीमागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. त्यामुळे त्यातले बरेच प्रश्न माझ्या वाट्याला आले.

चक्की काकूंचे यजमान आणि धाकटे दीर मिळून चालवत. थोरले एका पक्षाचे, धाकटे समोरच्या पक्षाचे. लोकसभेची मतमोजणी झाली त्या दिवशी थोरल्यांनी पेढे आणले, कारण त्यांच्या पक्षाला सगळ्यात जास्त जागा मिळाल्या. तासाभरानं धाकट्यांनीही आणले, कारण त्यांच्या पक्षाच्या जागा वाढल्या आणि समोरच्यांचं बहुमत हुकलं. काकूंनी दोन्हीकडचा एकेक पेढा खाल्ला आणि माझ्या दारात आल्या.

"मास्तर, दोघंही जिंकलो म्हन्तात. मंग हारलं कोन?"

मी सांगू लागलो, पाचशे त्रेचाळीस जागा, सरकारला दोनशे बहात्तर लागतात, तेवढ्या एकट्या कुणालाच नाहीत.

"पन पयला आला तं मंग बसत काऊन नाही?"

"नुसतं पहिलं येऊन भागत नाही, काकू. निम्म्याहून जास्त खासदार पाठीशी लागतात. आता छोटे पक्ष सोबत घ्यावे लागतील."

"ते काऊन येतीन?"

"त्यांच्या अटी असतात. मंत्रिपदं मागतात."

काकू म्हणाल्या, "म्हन्जे मी मत देलं खासदाराले, आन् सरकार कोनाचं ते ठरवनार हे खासदार."

हा धडा मी अकरा वर्षं वर्गात वाचून दाखवत होतो. इतक्या सरळ एका वाक्यात मला तो कधी सांगता आला नव्हता.

इकडे सरकार कोणाचं येणार यावरून दोघा भावांचं चांगलंच वाजलं. थोरल्यांनी चक्कीला कुलूप घातलं. धाकट्यांनी त्याच्याखाली आपलं दुसरं घातलं. तीन दिवस गावाचं दळण बंद. चौथ्या सकाळी काकूंनी दोघांना ओट्यावर बसवलं, शेजारी आपल्या जाऊबाईंना घेतलं आणि साक्षीला मला.

"घरात मतं चार," काकू म्हणाल्या. "तुमचं एक, भाऊजीचं एक. बहुमत कोनालेच नाही. आमी दोघी जिकडं जाऊ, तिकडं चक्की."

"मंग इकडं ये नं," थोरले म्हणाले.

"काऊन?"

तेव्हा एरवी तोंड न उघडणाऱ्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आमचा तुमा दोघाइले बाहेरून पाठिंबा हाये. पन अटी हायेत."

अटी दोनच होत्या. चक्की सुरू असताना राजकारणाचा शब्द काढायचा नाही. आणि आठवड्यातून एक दिवस चक्की बायकांच्या हाती, त्या दिवशी चहा पुरुषांनी करायचा. दोन्ही कुलपं निघाली. दिल्लीत शपथविधी व्हायच्या आधीच आमच्या गल्लीतलं सरकार बसलं. चहा बरेच दिवस फार गोड व्हायचा, पण कुणी बोललं नाही.

पुढल्या वर्षी माझी बदली पिंपळगाव राजाला झाली. निघताना काकूंनी ज्वारीच्या पिठाची पिशवी हातात दिली आणि म्हणाल्या, "पोराइले नुसतं वाचून नका दाखवू, मास्तर. त्याइले इचारू द्या." तेव्हापासून मी तो धडा पुस्तक मिटून शिकवतो. तास संपतो, धडा संपत नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्याचा फोन आला. मी भेटायला गेलो, तर दोघे भाऊ ओट्यावर एकाच सतरंजीवर बसले होते. धाकट्यांनी मला पाणी दिलं.

मग थोरले म्हणाले, "तुमच्या काकू गेल्यापासून आमचं दोघाचं लय पटते, मास्तर. भांडाले मज्याच येत नाही."