म्हशींचा तांडेल

समुद्राच्या कुशीत जन्मून समुद्राशीच अबोला धरलेला माणूस अख्ख्या किनाऱ्यावर शोधून सापडायचा नाही. माझ्या दारात मात्र तो रोज सकाळी दुधाची किटली घेऊन उभा असायचा. साठ सालानंतरची ती वर्षं. बोईसरहून दांडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पारशी शेठचा म्हशींचा तबेला होता आणि त्याच्या मागच्या खोलीत मी, शाळेतला नवा मास्तर, भाड्यानं राहत होतो. शेठ मुंबईहून इथे हवा खायला आला. हवा भरपूर मिळाली, पण मनासारखा चहा मिळेना. म्हणून त्यानं दोन म्हशी घेतल्या आणि चहाच्या नादात दोनाच्या बावीस झाल्या. तबेल्याचा पहिला राखणदार म्हशींनाच घाबरायचा. तो लांबून हाका मारायचा आणि म्हशी लांबूनच त्याच्याकडे बघायच्या. दुसऱ्याला म्हशींचा लळा होता, पण त्याहून झोपेचा जास्त. तिसरा आमचा हा. पोरंटोरंसुद्धा त्याला तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि हा बाबा तर कित्येक वर्षांत होडीला शिवलासुद्धा नव्हता.

कारण गावाला ठाऊक होतं. त्याचे वडील आणि थोरला भाऊ एकाच वादळात होडीसकट गेले. आईनं उरलेल्या ह्या एकाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली, खाऱ्या पाण्यात पाऊल घातलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. दांडीसारख्या गावात, जिथे रांगतं पोरसुद्धा पाण्याकडे धाव घेतं, तिथे ही शपथ पाळणं म्हणजे काय चेष्टा आहे? पण हा पाळायचा, आणि तीही भलत्याच काटेकोरपणे. उधाणाला खाडीचं पाणी रस्त्यावर चढलं की बाकीचे लोक धोतर खोचून निघत. तांडेल म्हशीच्या पाठीवर बसायचा, दोन्ही पाय पोटाशी घ्यायचा आणि लग्नातल्या नवऱ्यासारखा पलीकडे उतरायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, ही पळवाट झाली." तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, शपथ मला घातली हाय. म्हशीला नाय."

दर्या सुटला तरी होडी काही त्याच्या डोक्यातून सुटली नव्हती. सगळ्या म्हशींना त्यानं होड्यांची नावं दिली होती: दर्यादौलत, जलराणी, सागरलक्ष्मी. म्हशीचं तोंड म्हणजे होडीची पुढची नाळ, शेपूट म्हणजे सुकाणू, आणि व्यायला झालेली म्हैस म्हणजे "भरून आलेली". आभाळाकडे बघून तो जाहीर करायचा, "वारा फिरला, आज कुनी बाहेर नाय जायचं," आणि लख्ख उन्हात बावीस म्हशी दिवसभर गोठ्यात रवंथ करत बसायच्या. म्हशी बांधायचा त्याही होडीच्या गाठींनी. एकदा तो पालघरला नात्यातल्या लग्नाला गेला, तर शेठ, गाडीवान आणि मी असे तिघे दुपारपर्यंत त्या गाठींशी झटत होतो. नखं मोडली, शेठनं पारशी गुजरातीत चार शिव्या हासडल्या, शेवटी कोयत्यानं दावी तोडली. संध्याकाळी तांडेल परत आला. तोडलेली दावी बघून म्हशींच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाला, "शिकलेल्या मानसांच्या हाती दिल्या ना तुमाला." दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

दूध मात्र त्याच्या हातचंच प्यावं. कुठल्या म्हशीला पाठ खाजवून हवी, कोणाला पेंड आधी आणि कोणाला आंबोण आधी, सारं त्याला तोंडपाठ. फक्त दुपारी गोठ्यामागे तो सुके बोंबील भाजायचा, आणि तो वास बोईसरपर्यंत जात असावा. आमच्या हेडमास्तरांच्या सौभाग्यवतींनी एकदा तक्रार केली की दुधाला मासळीचा वास येतो. तांडेल किटली घेऊन त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसला. "बाई, बोंबील मी खातो, म्हस गवत खाते. आता दूध कोन देतं ते तुमीच सांगा." बाईंनी तक्रार सोडली, पण पुढे त्या पातेल्यात वेलदोडा टाकायला लागल्या.

अशा ह्या माणसावर एका रविवारी भलतीच वेळ आली. दुपारी म्हशी किनाऱ्याजवळच्या माळावर चरत होत्या. त्या सुमारास रस्त्यावरून ट्रक धावायला लागले होते, आणि एका ट्रकचा टायर असा काही फुटला की अख्खा कळप उधळून थेट पाण्यात घुसला. तांडेलनं काठावरून हाका घातल्या तशा एकवीस म्हशी गुमान परत आल्या. बाविसावी दर्यादौलत, सगळ्यांत भित्री आणि त्यातून दिवस भरत आलेली, ती ओहोटीच्या ओढीला लागली. मागे उरलेल्या होड्या चिखलात रुतलेल्या, बाप्ये मासेमारीला गेलेले, आणि मला पोहण्याचं ज्ञान पुस्तकातलं. पाण्यावर तिचं काळं डोकं तेवढं दिसत होतं. तांडेल हाक मारी, ती मान वळवी, आणि आणखी चार हात लांब जाई. लाट आली की तो पावलं मागे घ्यायचा, लाट ओसरली की पुढे यायचा. इतका केविलवाणा झालेला तो मला बघवेना. मी म्हटलं, "जाऊ दे रे, शेठला मी सांगेन." त्यानं मग सदरा काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मास्तर, आईला सांगू नका."

आणि गेला की पाण्यात. मी काठावरून बघतच राहिलो. इतक्या वर्षांत तो तसूभरही पोहणं विसरला नव्हता. तो दर्यादौलतपाशी पोचला, तिचं दावं धरलं आणि तिला काठाकडे ओढायच्या भानगडीत न पडता ओढीबरोबरच तिरका तिरका जात राहिला. मी काठाकाठानं सदरा छातीशी धरून धावत होतो आणि ज्या देवांवर माझा विश्वास नव्हता त्यांनाही नवस बोलत होतो. शेवटी पार शेजारच्या नवापूर गावाच्या बाजूला दोघंही धापा टाकत वाळूवर आली. तांडेल म्हशीच्या मानेला मिठी मारून बसला आणि हुंदके देऊन रडला. मीही रडलो, त्यात लपवायचं काय.

डोळे पुसल्यावर त्याला भीती वाटायला लागली ती समुद्राची नव्हे, आईची. म्हैस गोठ्यात पोचवून त्यानं विहिरीवर अंग खसखसून धुतलं. तरी खाऱ्याचा वास येतोच असं त्याला वाटलं, म्हणून वर चक्क शेण फासलं, सदरा चढवला आणि मला साक्षीला घेऊन दांडीला घरी निघाला. "आज गोठा धुतला, असं सांगा," हे त्यानं माझ्याकडून वाटेत तीनदा घोकून घेतलं. मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारा मी, पण तेही पाठ केलं.

म्हातारी ओट्यावर बसली होती. बाजूच्या चुलीवर पाण्याचा मोठा हंडा चढलेला, खालची लाकडं जळून निखारे झालेले. दांडीतल्या घरांमधून बाप्या दर्यावरून आला की अंगावरचं मीठ उतरवायला बाई असं पाणी तापवून ठेवते. ह्या दारातली ती चूल नवरा आणि थोरला गेल्यापासून पेटली नव्हती. मी घोकलेलं म्हणायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "मास्तर, तुमी बसा." मग लेकाला म्हणाली, "डोकं खाली कर." तो वाकला. ती तांब्या तांब्या पाणी ओतत राहिली.

"म्हस आली?"

"आली," तो म्हणाला.

"पानी कवा ठेवलंस?" त्यानं वाकल्या वाकल्याच विचारलं.

"तू आत व्हतास तवाच. नवापूरच्या बाया सांगत आल्या." तिनं पुढचा तांब्या ओतला. "मेले नाय मी अजून. शपथ आजच्यापुरती सोडली. उद्यापासून परत हाय."

"होय, आई," तो म्हणाला.

दर्यादौलत त्याच आठवड्यात व्यायली. पुढे माझी बदली झाली, आणि काही वर्षांनी तबेलाही मोडला. म्हातारी वारल्याचं कळलं तेव्हा मी मुद्दाम दांडीला त्याला भेटायला गेलो. आम्ही वाळूत बसलो. भरती येत होती, आणि पाणी पायाशी आलं तसा तो उठून मागे सरकला. माझ्यातला मास्तर काही गप्प बसेना. मी म्हटलं, "आता शपथ घालणारीच राहिली नाही. घाल की पाय."

त्यानं पायाची वाळू झटकली. मग म्हणाला, "जाईन हो, मास्तर. पन आलो की पानी कोन तापवून ठेवंल?"