प्रत्येक घावाला शाणूचं नाव

हरमलच्या स्टँडवर कृष्णनाथ मोटारसायकल पायलट होता. गिऱ्हाइकाला मागे बसवून गावोगाव सोडायचा. त्याच स्टँडवरचा दुसरा पायलट शाणू दुपारी त्याच्याकडेच जेवायचा. ऐन मोसमात कृष्णनाथच्या यझदीचं इंजिन जाम झालं, धंदा बसला आणि तो खाणीवर मजुरीला गेला. कैक वर्षांनी शाणू फेणीच्या नशेत चारचौघांत बरळला, "प्लग काढून कृष्णनाथच्या इंजिनात समुद्राचा पाणी मीच ओतलंय."

कृष्णनाथने त्याच्यावर हात उचलला नाही. गोठ्यात पडलेली यझदी त्याने अंगणात आणून खोलली. पिस्टन गंजून सिलिंडरला घट्ट धरून बसला होता.

"घणान फोडून टाका," बायको कमलाक्षी वैतागून म्हणाली.

"पिस्टन फुटलो तर शाणू जिंकलो."

त्याने वरून डिझेल मुरवलं, सिलिंडर स्टोव्हच्या जाळावर शेकला आणि पिस्टनवर लाकडाचा ठोकळा धरून हलके घाव घातले. प्रत्येक घावाला तो दात खाऊन शाणूचं नाव घेई. बरेच दिवस पिस्टनने दाद दिली नाही. मग एका सकाळी तो केसभर सरकला, आणि कृष्णनाथ मोठ्याने हसला.

नवा पिस्टन बसवून तो थेट स्टँडवर गेला. जुना, खाऱ्या पाण्याने खाल्लेला पिस्टन त्याने सगळ्यांदेखत शाणूच्या हातात ठेवला.

"माज्या घरचा मीठ खाल्लंस, आणि माज्याच इंजिनात खारा पाणी ओतलंस!"

शाणू पुन्हा स्टँडवर फिरकला नाही. कृष्णनाथ मात्र रोज संध्याकाळी त्याच्या दारावरून यझदी मुद्दाम सावकाश नेतो.

"आता पुरे," कमलाक्षी म्हणते.

तो किक मारतो.